घराघरांतल्या दप्तरांचे मंडळ
भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे : स्थापनेपासून संगणकीय प्रतींपर्यंत

महाराष्ट्राच्या इतिहासाचा फार मोठा भाग सरकारी कचेरीत नव्हता, तो माणसांच्या घरी होता. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, सरदार, सावकार, उपाध्ये, मठाधिपती यांच्या माळ्यांवर, देवघरांच्या फडताळांत, धान्याच्या कणगीमागे रुमालात बांधलेले कागद पिढ्यान्‌पिढ्या पडून होते. १८१८ साली पेशवाई संपली आणि पेशव्यांचे दप्तर कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. इनामांच्या चौकशीसाठी सरकारला ते हवे होते. अभ्यासकांना मात्र पुढची शंभर वर्षे ते जवळजवळ बंदच राहिले. तेव्हा मराठ्यांचा इतिहास अस्सल कागदांवरून लिहायचा, तर घरोघर हिंडून कागद मिळवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

हे हिंडणे मंडळाच्या आधीच सुरू झाले होते. १८७८ मध्ये निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’ने बखरी आणि पत्रे छापायला सुरुवात केली. का. ना. साने आणि ज. बा. मोडक यांनी ते काम सुमारे दहा वर्षे चालवले. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरात बुडालेले होते आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढत होते. १८९८ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड वाईहून बाहेर पडला आणि पानिपतच्या सुमाराची पत्रे मराठी वाचकाच्या हाती आली. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. राजवाडे गावोगाव पायी जात, स्वतःच्या हाताने रांधून खात, कुणाकडे एक बस्ता असल्याचे कळले तरी त्यासाठी मैलोन्‌मैल तुडवत. पण एका माणसाच्या पायांना आणि पाठीला मर्यादा असते. कागद मिळाले तर ठेवायचे कुठे? नकला कोणी करायच्या? छापायचे कोणाच्या पैशाने? आणि संशोधक गेल्यावर त्या बस्त्यांचे काय? मंडळाचा जन्म या रोखठोक प्रश्नांतून झाला.

१९१० ते १९२० : मेहेंदळ्यांच्या वाड्यात

७ जुलै १९१० रोजी पुण्यात राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. सुरुवातीचे काम मेहेंदळ्यांच्या वाड्यातूनच चाले. राजवाड्यांची विद्वत्ता आणि मेहेंदळ्यांची जागा व पाठबळ या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या नसत्या, तर मंडळ वर्षभरही टिकले नसते असे वाटते. संस्थेच्या इतिहासात विद्वानाचे नाव ठळक राहते आणि वाडा देणाऱ्याचे बारीक होते, म्हणून मेहेंदळ्यांचा उल्लेख येथे मुद्दाम बरोबरीने केला आहे.

मंडळाचे सभासद जमत, कुणी मिळवलेला कागद वाचून दाखवी, त्यावर चर्चा होई, टिपण तयार होई. आपापल्या गावी सापडलेली सनद, शिलालेखाचा ठसा किंवा जुनी पोथी घेऊन बाहेरगावचे सभासदही येत. या सभांतून निघालेली टिपणे वार्षिक इतिवृत्तांत आणि संमेलनवृत्तांत छापली गेली. शके १८३२ पासूनची ती इतिवृत्ते आजही अभ्यासकांच्या तळटीपांत दिसतात. त्या काळच्या लेखकांत वकील होते, शाळामास्तर होते, पेन्शनर होते, इनामदार होते. इतिहास हा त्यांच्यापैकी बहुतेकांचा पोटापाण्याचा व्यवसाय नव्हता.

या दशकातली एक गोष्ट जरा विस्ताराने सांगायला हवी. भोर भागातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडे एक शकावली होती. शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटनांची तिथीवार नोंद असलेली ती टिपणवही दयाजीराव सर्जेराव जेधे देशमुख यांनी लोकमान्य टिळकांच्या हाती दिली. टिळकांनी ती १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ असा मानला जात असे. जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी निघाली. एका खोऱ्यातल्या देशमुखाच्या घरातल्या पानांनी साऱ्या महाराष्ट्राच्या समजुतीला प्रश्न विचारला. वाद झाला, बरीच वर्षे चालला, दोन्ही बाजूंनी मेहनतीने लिहिले गेले. पुढे तंजावरच्या सरस्वती महालात सापडलेल्या परमानंदकृत ‘शिवभारता’तही तीच तिथी आढळली. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृतपणे स्वीकारली ती २००१ मध्ये. शकावली छापल्यापासून तोवर पंच्याऐंशी वर्षे लोटली होती. कागद घरातून बाहेर येणे, छापला जाणे आणि मान्य होणे या तीन पायऱ्यांना किती धीर लागतो, हे यावरून कळावे.

राजवाडे पुढे धुळ्याला गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले आणि खानदेशातल्या साधनांना हक्काचे घर मिळाले. पुण्याच्या मंडळाने आणि धुळ्याच्या मंडळाने आपापल्या जागी तेच व्रत चालवले.

१९२० ते १९३० : त्रैमासिक आणि शिवकाल

१९२० मध्ये मंडळाचे त्रैमासिक सुरू झाले. मोडीतले पत्र देवनागरीत उतरवून, तिथी जुळवून, माणसांची ओळख पटवून छापणे हे त्याचे मुख्य काम. त्यात अलंकारिक लेखन जवळजवळ नाही. पानेच्या पाने एखाद्या गावच्या पाटीलकीच्या तंट्याची, एखाद्या देवस्थानच्या दिवाबत्तीच्या खर्चाची, एखाद्या पेठेच्या कौलनाम्याची. आज आपण ज्याला स्थानिक इतिहास म्हणतो, तो या त्रैमासिकाने तेव्हाच शेकडो पानांत भरून ठेवला.

याच काळात दत्तो वामन पोतदार, दत्तात्रेय विष्णु आपटे, शंकर नारायण जोशी, सदाशिव महादेव दिवेकर, कृष्णाजी वासुदेव पुरंदरे अशी मंडळी मंडळाच्या कामात होती. पोतदारांनी चिटणीसपदाची धुरा दीर्घकाळ वाहिली. ज्या घराण्याने बाहेरच्या माणसाला दप्तराचा रुमालही दाखवला नव्हता, ते पोतदारांच्या शब्दावर तो सोडत असे. दप्तर देताना घराण्याच्या मनात भीती असते. कागद परत येतील का? त्यांचा उपयोग आपल्याविरुद्ध दाव्यात तर होणार नाही ना? पूर्वजांची एखादी नामुष्की छापली तर जाणार नाही ना? ही भीती घालवायला पावती पुरत नाही, माणूस लागतो. मंडळाचा सारा संग्रह अशा माणसांच्या पतीवर उभा आहे.

प्रकाशनांचा झपाटा मोठा होता. ‘चंद्रचूड दप्तर’, ‘शिवचरित्रप्रदीप’, ‘पुरंदरे दप्तर’, ‘शिवचरित्र साहित्या’चे खंड ही त्या काळातली ठळक नावे. दिवेकरांनी संपादित केलेले ‘शिवभारत’ १९२७ मध्ये मंडळाने प्रसिद्ध केले. शिवचरित्र कार्यालयाचा ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’ १९३० मध्ये आला, त्यामागेही याच मंडळींचे कष्ट होते. ‘शिवचरित्र साहित्य’ हे नाव ऐकून वाचकाला लढायांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्या खंडांत देशमुख-देशपांड्यांची वतनपत्रे, महजर, निवाडे, हकीकती यांची रेलचेल आहे.

महजर हा कागद इथे जवळून पाहण्यासारखा आहे. गावात वतनाचा तंटा झाला की गोतसभा बसे, साक्षी होत आणि निर्णयाचा कागद तयार होई. त्यावर पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांचीही नावे येत. ज्याला लिहिता येत नसे, तो आपल्या धंद्याची खूण काढी. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, अशा निशाण्या कागदाच्या तळाशी ओळीने दिसतात. लांब महजर अनेक बंद एकाला एक चिकटवून केलेला असतो आणि मधला बंद कोणी बदलू नये म्हणून सांध्यावर, मागच्या बाजूने शिक्का मारलेला असतो. ज्यांची नावे कुठल्याही बखरीत येणार नाहीत अशी माणसे या कागदांत आपल्या हाताने काढलेल्या खुणेनिशी हजर आहेत.

१९३० ते १९५० : ग. ह. खरे आणि कपाटांची शिस्त

सदाशिव पेठेत मंडळाची स्वतःची वास्तू झाली होती. घराघरांतून आलेली दप्तरे, पोथ्या, चित्रे, नाणी, ताम्रपट, शस्त्रे असा पसारा वाढत होता. त्याला शिस्त लावण्याचे काम गणेश हरि खरे यांनी केले. पनवेलकडचा हा माणूस मंडळात आला आणि सुमारे अर्धशतक मंडळाचाच झाला. मोडी तर होतीच. फारसी, कानडी आणि जुन्या लिप्या त्यांनी स्वतःच्या कष्टाने आत्मसात केल्या. ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’, ‘दक्षिणच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने’, ‘मूर्तिविज्ञान’, ‘हिंगणे दप्तर’ ही त्यांची कामे वेगवेगळ्या शाखांत मोडतात, पण त्यांच्या मुळाशी एकच सवय आहे. वस्तू हातात घ्यायची, तिचे माप, अक्षर, तिथी, शिक्का लिहून ठेवायचा आणि मगच मत द्यायचे. नव्या संशोधकांसाठी १९५१ मध्ये त्यांनी ‘संशोधकाचा मित्र’ लिहिले. कालगणना, लिप्या, साधनांचे प्रकार हे सगळे त्यात आहे आणि आजही ते पुस्तक जुने झालेले नाही.

खऱ्यांसारख्यांच्या हाताखाली अनेक तरुण घडले. पुढे शिवशाहीर म्हणून घरोघर पोहोचलेले बाबासाहेब पुरंदरे यांनी उमेदीच्या काळात मंडळात काम केले आणि खऱ्यांना गुरू मानले. याच पिढीत ज्यांची नावे कुठल्याही मुखपृष्ठावर आली नाहीत असे लेखनिक, ग्रंथपाल आणि शिपाई होते. मोडी कागदाची बालबोध नक्कल करायची, ती मुळाशी ताडून पाहायची, रुमाल पुन्हा त्याच क्रमाने बांधायचा, कसर लागली का ते बघायचे, पावसाळ्यानंतर कपाटे उघडून हवा द्यायची हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. मंडळाच्या श्रेयनामावलीत त्यांचा हिस्सा विद्वानांइतकाच आहे.

याच सुमारास पेशवे दप्तराचे दारही उघडले. जदुनाथ सरकारांच्या आग्रहानंतर गो. स. सरदेसाई यांच्याकडे ते काम आले आणि ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ पंचेचाळीस खंडांत बाहेर पडले. इतिहासलेखनाची रीत, निवडीचे निकष, कोणाला काय खुले असावे यावर पुण्यातल्या अभ्यासकांत मते भिन्न होती आणि ती जोराने मांडली गेली. त्या चर्चांचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. सरकारी दप्तराची आणि घरगुती दप्तरांची साधने एकमेकांशेजारी ठेवून पाहता येऊ लागली, हा अभ्यासाचा निर्भेळ लाभ झाला.

१९५० ते १९८० : कागदाचे मोल बदलले

या काळाबद्दल एरवी थोडक्यात लिहिले जाते. पण माझ्या मते मंडळाच्या संग्रहाच्या दृष्टीने हीच वर्षे सर्वांत निर्णायक होती, आणि त्याचे कारण मंडळाच्या बाहेर घडत होते.

परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. १९६२ च्या कायद्याने पाटीलकीची वतने गेली. कूळकायद्याने जमिनीचा हक्क कसणाऱ्याकडे वळवला. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवे होते. पण त्यामुळे एक गोष्ट घडली, ती फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. तीनशे वर्षे जी सनद जिवापाड जपली होती, ती कोर्टात निरुपयोगी ठरली. घराण्याच्या दृष्टीने कागदाचे मोल हक्काच्या पुराव्याचे होते आणि तो पुरावाच संपला. त्याच सुमारास मोडी शाळांतून गेली. नातवाला आजोबांचे अक्षर वाचता येईना. वाडे पडून इमारती उठू लागल्या, बिऱ्हाडे मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांत आली, आणि रुमाल रद्दीत, बंबात किंवा नदीत गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतल्या किती घरांतले कागद गेले असतील, याचा हिशोब कोणीच मांडला नाही.

अशा वेळी ज्या घराण्यांना मंडळाची आठवण झाली त्यांचे कागद वाचले. काहींनी दप्तर दान दिले, काहींनी सांभाळायला दिले. मंडळाकडे पैसा बेताचा होता, जागा अपुरी होती, मनुष्यबळ त्याहून अपुरे. आलेला प्रत्येक रुमाल लगेच सोडून त्याची यादी करणे शक्य झाले नाही. तरीही कागद आत आला, कोरडा राहिला आणि रद्दीच्या तराजूपासून लांब राहिला. १९६० मध्ये मंडळाची पन्नाशी झाली. १९७९ मध्ये पोतदार गेले. आरंभीच्या पिढीशी असलेला थेट दुवा त्यांच्याबरोबर संपला.

१९८० ते २०१० : शंभरीकडे

१९८५ मध्ये मंडळाला पंचाहत्तर वर्षे झाली. त्याच वर्षी ग. ह. खरेही गेले. पुढच्या पिढीने काम हाती घेतले. निनाद बेडेकर यांनी किल्ले आणि कागद यांची सांगड घालून तरुणांना मंडळाच्या दारापर्यंत आणले. गजानन भास्कर मेहेंदळे यांनी मराठी, फारसी, इंग्रजी, पोर्तुगीज साधने ताडून शिवचरित्राची जी चिकित्सा केली, तिच्या तळटीपा वाचताना मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांचे आणि खंडांचे मोल नव्याने कळते. बेडेकर २०१५ मध्ये आणि मेहेंदळे २०२५ मध्ये आपल्यातून गेले.

मोडीचे वर्ग हे मंडळाचे या काळातले मोठे काम मानायला हवे. शाळेने सोडलेली लिपी शिकायला नोकरदार, निवृत्त लोक, वकील, महाविद्यालयीन मुले-मुली येतात. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, आधी ओळ आखून घेतात आणि मग बोरू न उचलता अक्षरे खाली लटकवत जातात. त्यामुळे शब्द कुठे संपला हे अर्थावरून ठरवावे लागते. त्यात तिथीची अडचण वेगळी. पत्राच्या शेवटी ‘छ ७ रजब, सन इहिदे सबैन मया व अलफ’ असे असले, तर वाचणाऱ्याला आधी अरबी अंक यावे लागतात. इहिदे म्हणजे एक, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. सुहूर सन ११७१ झाला. हा सन मृगापासून सुरू होतो, म्हणजे जून १७७० ते जून १७७१. रजबची सातवी त्यात ऑक्टोबर १७७० च्या अखेरीस येते. वर्गात हे गणित एकदा जमले की विद्यार्थ्याचा चेहरा खुलतो, कारण आता त्याच्या हातातल्या कागदाला दिवस मिळालेला असतो.

७ जुलै २०१० रोजी मंडळाने शंभर वर्षे पूर्ण केली. तोवर संग्रह सुमारे पंधरा लाख कागद आणि सुमारे तीस हजार हस्तलिखिते एवढा झाला होता. मराठी-मोडी मुख्य, त्याखेरीज संस्कृत, फारसी, इंग्रजी, पोर्तुगीज. नाणी, चित्रे, ताम्रपट वेगळे. एवढा संग्रह सरकारी खात्याने नव्हे, वर्गणीवर आणि देणग्यांवर चाललेल्या संस्थेने जमवला.

२०१० नंतर : संगणकीय प्रती

कागद वाचवण्याची नवी रीत म्हणजे त्याची संगणकीय प्रत. मंडळाने आपल्या संग्रहाच्या अशा प्रती करण्याचे काम हाती घेतले आहे. महाराष्ट्रात आणि देशात त्यासाठी वातावरणही तयार झाले होते. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’ उभी केली, राज्य मराठी विकास संस्थेने दोलामुद्रिते, म्हणजे छपाईच्या आरंभकाळातली पुस्तके, वाचकांसाठी खुली केली, शासनाच्या दर्शनिका विभागाने गॅझेटियर संगणकावर आणली. मंडळाच्या त्रैमासिकाचे जुने अंक आणि राजवाड्यांचे साधनखंडही आता इंटरनेट अर्काइव्हवर घरबसल्या वाचता येतात. एके काळी ज्या अंकासाठी नागपूरच्या किंवा बेळगावच्या अभ्यासकाला पुण्याला यावे लागे, तो आता त्याच्या टेबलावर आहे. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबातला मुलगा आपल्या आडनावाचे गाव त्रैमासिकाच्या पानात शोधू शकतो.

पण छापील अंकाची प्रत करणे आणि मोडी दप्तराची प्रत करणे यांत फार अंतर आहे, ते देणगीदारांनीही समजून घ्यायला हवे. रुमाल सोडला की आधी धूळ आणि कसर काढावी लागते. घडीवर तुटलेला कागद हाताने सरळ करावा लागतो. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद चिवट असतो आणि काजळीची शाई उडत नाही, हे आपले भाग्य. मात्र ओल लागली तर तीच शाई पसरते. मागची बाजू कोरी दिसली तरी तिचेही छायाचित्र घ्यावे लागते, कारण सांध्याचा शिक्का, पावतीचा शेरा, पत्ता मागेच असतो. लांब महजराचे तुकड्यातुकड्याने छायाचित्र घेताना दोन तुकड्यांत थोडा भाग सामाईक ठेवावा लागतो. आणि रुमालातला क्रम मोडून चालत नाही. दोन कागद शेजारी बांधलेले असणे हीसुद्धा माहिती आहे.

खरी मेहनत याच्या पुढे आहे. पंधरा लाख कागदांची उत्तम छायाचित्रे काढून ठेवली आणि प्रत्येकाला नुसता क्रमांक दिला, तर संगणकात पंधरा लाख चित्रे असतील, इतिहास नसेल. कोणाचे पत्र, कोणाला, कुठून, कोणत्या तिथीचे, कोणत्या गावाचा उल्लेख, कोणत्या घराण्याचे दप्तर हे लिहिले गेले तरच शोधणाऱ्याला कागद सापडेल. ती सूची मोडी वाचणारा माणूसच करू शकतो. खऱ्यांच्या पिढीने हाताने केलेल्या याद्या इथे पुन्हा उपयोगी पडतात. यंत्राला मोडी शिकवण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या गटाने शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडी कागदांच्या सुमारे दोन हजार प्रतिमा देवनागरी लिप्यंतरासह जमवून असे काम मांडले. ते स्वागतार्ह आहे. पण यंत्राला शिकवायला आधी माणसाने अचूक वाचलेला कागद लागतो आणि यंत्राचे वाचन तपासायलाही माणूसच लागतो. म्हणून मोडीचा वर्ग आणि छायाचित्रणाची खोली यांना मी वेगळे मानत नाही. निधी एकाला द्यायचा की दुसऱ्याला, असा प्रश्न आला तर तो दोघांत वाटावा.

याच काळात कागदाचे मोल पुन्हा एकदा बदललेले आपण पाहिले. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभरच्या कचेऱ्यांतले जुने अभिलेख उघडले गेले. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. सापडलेल्या नोंदींच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या आणि लोक आपल्या पणजोबांची नावे मोबाईलवर शोधू लागले. वतने गेल्यावर ज्या कागदांचा उपयोग संपला असे सगळ्यांना वाटले, तसलेच कागद साठ-सत्तर वर्षांनी पुन्हा हक्काच्या चर्चेच्या मध्यभागी आले. कोणता कागद उद्या कशाला लागेल, हे आज ठरवता येत नाही. म्हणून निवड न करता सगळा रुमाल जपण्याची मंडळाची जुनी रीतच योग्य होती, असे मी म्हणेन.

अजून बरेच काम बाकी आहे. सूची अपुरी आहे, निधी कायमचा नाही, मोडी सफाईने वाचणारे थोडे आहेत, फारसी वाचणारे त्याहून थोडे. ज्या घराण्यांनी दप्तरे विश्वासाने दिली त्यांच्या वारसांना आपल्या कागदांची प्रत सहज मिळावी आणि अभ्यासकाला ती पाहताना घराण्याचे नाव ठळक दिसावे, ही सोय उभी राहिली तर नवी दप्तरे आपणहून येतील. पोतदारांच्या काळी शब्दाने जी पत मिळे, ती आता अशा व्यवहाराने मिळवावी लागेल.

वाचकांना एक विनंती. गावच्या घरी, बहिणीच्या सासरी, बंद वाड्याच्या माळ्यावर मोडीतले कागद असतील तर ते काढून पाहा. त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, उन्हात वाळत घालू नका, आणि भावाभावांत वाटून रुमाल फोडू नका. कोणत्या घरात, कोणत्या जागी, कशात बांधलेले सापडले ते एका चिठ्ठीवर लिहून रुमालाबरोबर ठेवा. मग सदाशिव पेठेत मंडळात या. मूळ कागद द्यायचे नसतील, तर प्रत करू द्या. आणि ज्यांच्याकडे देण्याजोगा कागद नाही, पण संध्याकाळचा तासभर वेळ आहे, त्यांनी मोडीच्या वर्गात नाव घालावे. मंडळाला आज सर्वांत जास्त गरज वाचणाऱ्यांची आहे.